अरणीची दोरी

आमच्या घरात होमाचा अग्नी काडेपेटीनं पेटवत नाहीत, लाकडावर लाकूड घासून काढतात. औंढ्यात किंवा आसपासच्या गावांत कुठं याग असला की सासऱ्यांना बोलावणं येतं, ते मंत्रांसाठी कमी आणि या अग्नीसाठी जास्त. मंत्र म्हणणारे पुष्कळ आहेत. अरणी चालवणारं आमच्या भागात आमचंच एक घर उरलं आहे.

अरणी म्हणजे पिंपळाच्या लाकडाची हातभर फळी. तिला दोन्ही कडांजवळ बोटभर खड्डा असतो आणि खड्ड्यापासून कडेपर्यंत कोरलेली एक चीर. खड्ड्यात उभा दांडा बसवायचा, त्याला मंथा म्हणतात. एकानं मंथ्याच्या डोक्यावर लाकडाची आडवी पट्टी ठेवून ती वरून दाबून धरायची. दुसऱ्यानं मंथ्याला दोरीचे तीन वेढे देऊन दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. दांडा गरगर फिरतो. आधी लाकूड भाजल्याचा वास येतो, मग धूर, मग चिरेतून काळी भुकटी खाली पडायला लागते. सगळं नीट जमलं तर त्या भुकटीत एक लाल ठिपका दिसतो. तो कापसात आणि नारळाच्या शेंडीत अलगद घ्यायचा आणि फुंकर घालायची.

दाबायचे सासरे आणि ओढायच्या सासूबाई. दोरी बाईच्या हातात, अशी या घराची रीत. सासूबाईंनी लग्नानंतर लगेच ती हातात घेतली आणि उजवा खांदा पार आखडून जाईपर्यंत सोडली नाही. डॉक्टरांनी सांगितलं की आता हात डोक्याच्या वर गेला तरी पुष्कळ झालं. तेव्हा मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती.

मी थोरली सून. माहेर हिंगोलीचं, वडील बँकेत कारकून होते. मी इथंच औंढ्यात एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. सकाळी स्वयंपाक उरकून जाते, संध्याकाळी येते. अकरा वर्षं मी सासूबाईंना दोरी ओढताना बघितलं होतं. मंथा पुसला होता, दोरीला तेल लावलं होतं, यागाहून आलेली पिशवी उतरवून घेतली होती. आता दोरी माझ्याकडं येणार, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज आहे असं मलाही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ गोरेगावकडच्या खेड्यातली, शेतकरी घरातली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. बोलायला मोकळी, कामाला दणदणीत. मला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची आणि पहिले काही महिने मला ती आवडायचीसुद्धा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला खरं वाटणार नाही.

दिवाळीच्या सुटीत एका दुपारी सासऱ्यांनी अंगणात अरणी मांडली. मला म्हणाले, बघ जमतं का. मी पदर खोचून बसले. दोरीचे वेढे घातले, ओढली, आणि तिसऱ्या ओढीला मंथा खड्ड्यातून उडून सासऱ्यांच्या गुडघ्याला लागला. पुन्हा बसवला, पुन्हा उडाला. चौथ्या वेळी जरा फिरला, पण दोरी वर चढत गेली आणि पट्टीत अडकली. सासरे गुडघा चोळत राहिले. जाऊ पायरीवर बसून मेथी निवडत होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "तू ये गं."

तिनं हात झटकले, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि माझ्या जागी बसली. तिनं दोरी हातात घेतल्याबरोबर मला कळलं. ती बघत नव्हती, ओढत होती. दांडा असा फिरायला लागला की त्याचा आवाजच बदलला. दोन मिनिटांत वास आला आणि मग धुराची बारीक रेघ उठली. सासऱ्यांनी मान वर केली. तिला मात्र काही विशेष वाटलं नव्हतं.

"आमच्याकडं ताक असंच करतेत," ती म्हणाली. "चार म्हशी होत्या. रवीला दोरी लावून मीच घुसळायची."

माझ्या माहेरी दूध पिशवीतून यायचं आणि ताक मिक्सरमध्ये व्हायचं. तेवढ्यासाठी अकरा वर्षं वाया जातील हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून दोरी तिची झाली. माझ्याकडं दुसरं काम आलं. अरणीला सगळ्यात वाईट म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात ती कोरड्या फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत, गव्हाच्या आत पुरून ठेवायची. गहू ओल धरू देत नाही. हे काम सासूबाई करायच्या, आता ते मी करावं असं ठरलं. तू जबाबदार आहेस, सासूबाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. दोरी तिला आणि कोठी मला, एवढंच माझ्या मनात राहिलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी कशी काढली ते सांगायला लाज वाटते. जेवताना सासरे किती वेळा धाकटीचं नाव काढतात ते मी मोजायची. याग झाला की यजमानीण तिची वेगळी ओटी भरायची. बायका तिच्या पाया पडायच्या, माझ्या वयाच्या बायकासुद्धा. तिचे अग्नी काढतानाचे व्हिडिओ गावातल्या ग्रुपवर फिरायचे आणि शाळेतल्या बाई मला ते दाखवून विचारायच्या, ही तुमचीच जाऊ ना? मी हसून व्हय म्हणायची. संध्याकाळी सासूबाई तिचे तळवे मांडीवर घेऊन डाव्या हातानं लोणी चोळायच्या, कारण दोरीनं तिला घट्टे पडले होते. मी पलीकडं पोळ्या लाटत असायची. रोज दिवसभर रजिस्टरं लिहून माझं मनगट दुखायचं, ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. पण सांगायला लागू नये असं मला वाटायचं.

ती मात्र तशीच होती. ऑफिसातून आले की चहा पुढं करायची. माझ्या साड्यांना इस्त्री करून ठेवायची. एकदा तिनं मला वाईट बोलावं, उलट उत्तर द्यावं, म्हणजे मला रागवायला जागा होईल, अशी मी वाट बघितली. तिनं ते कधी केलं नाही.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात जवळा बाजारच्या एका व्यापाऱ्याकडं गणेशयाग ठरला. त्याच्या चार दिवस आधी सासरे आणि जाऊ जवळच्या वाडीवर एका छोट्या होमाला गेले होते. परत येताना पावसात सापडले. जाऊ घरात आली ती हुडहुडी भरूनच. अरणीची पिशवी तिनं न्हाणीबाहेरच्या फळीवर, पाण्याच्या टाकीच्या वर ठेवली आणि जाऊन झोपली. तिला तीन दिवस ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काढताना मला ती पिशवी दिसली. उतरवावी, पुसावी, कोरड्या फडक्यात गुंडाळून गव्हात पुरावी, हे काम माझं. त्याला दहा मिनिटं लागली असती. मी पिशवीकडं बघितलं, बादली भरली आणि आत गेले. मनात काय होतं ते नेमकं सांगता येत नाही. मुद्दाम करते आहे असं मी स्वतःला म्हटलं नाही. तिनं ठेवली आहे, तिचं ती बघेल, असं म्हटलं. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बघितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. टाकीतून सारखी ओल वर येत होती, वर पाऊस होताच.

यागाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिशवी उतरवली. अरणीची फळी हाताला गार लागली. मंथ्याचं टोक जरा फुगल्यासारखं वाटलं. मी दोन्ही लाकडं नव्या फडक्यात गुंडाळली आणि गव्हाच्या कोठीत नेहमीच्या जागी पुरली. कुणी विचारलं असतं तर अरणी गव्हातच होती. पिशवी विसरले असं मी स्वतःला पटवू शकले असते, पण हे दुपारचं काम विसरण्यात बसत नव्हतं.

जवळा बाजारला मीसुद्धा गेले. रविवार होता. व्यापाऱ्याच्या दुकानामागं मांडव घातला होता, पाचपन्नास माणसं होती. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी मोबाइल वर धरले. जाऊ ताप उतरून एकच दिवस झालेली, चेहरा उतरलेला, पण बसली. सासऱ्यांनी मंत्र सुरू केला आणि वरून दाबलं. तिनं ओढायला सुरुवात केली.

वास आला, पण तो भाजल्याचा नव्हता, ओल्या सालीचा होता. मला शेवटच्या रांगेत तो कळला. चिरेतून भुकटी पडायला लागली ती तपकिरी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धूर यायचा आणि जायचा. सासऱ्यांनी फळी फिरवून दुसऱ्या बाजूचा खड्डा धरला. तिनं पुन्हा सुरुवात केली. ओढता ओढता ती तोंडानं श्वास घ्यायला लागली. वर धरलेले मोबाइल एक एक करून खाली आले. कुणीतरी चहा आला का विचारलं. पाऊण तासानं तिच्या उजव्या तळव्यातला फोड फुटला आणि दोरीवर डाग दिसायला लागला, तरी ती थांबेना. शेवटी सासऱ्यांनीच तिच्या हातावर हात ठेवला.

यजमान चांगला माणूस होता. त्यानं हळूच काडेपेटी पुढं केली. सासऱ्यांनी ती घेतली, काडी ओढली आणि कापूर पेटवला. त्यांच्या हातून ते होताना मी पहिल्यांदा बघितलं. याग नीट पार पडला, जेवणं झाली, सगळे आदरानंच बोलले.

जीपमधून परत येताना जाऊ म्हणाली, पिशवी आपल्याकडूनच कुठंतरी ओलीत राहिली असणार, तापात काही आठवत नाही. सासरे खिडकीबाहेर बघत होते. राहू दे, एवढंच म्हणाले. मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते.

त्यानंतर महिनाभर सासरे तिच्याशी कामापुरतं बोलले. रागावले नव्हते, पण बघायचे नाहीत. नवरात्र झाल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं की दोरी आता तू शिक, ती थोरलीकडंच असायला पाहिजे होती. जाऊ तिथंच उभी होती. तिनं आतून पिशवी आणून माझ्या हातात दिली.

मला जे हवं होतं ते मिळालं. ते असं मिळाल्यावर काय वाटतं ते मी आता सांगू शकते. पहिले दोन दिवस आनंद झाला. खरा आनंद, खोटं कशाला बोलू. मग मी अंगणात बसायला लागले. सासऱ्यांनी अरणी उन्हात चांगली वाळवली होती, लाकडात आता काही खोट नव्हती. मी रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास ओढायची. मंथा उडायचा थांबला. धूरसुद्धा यायला लागला. पण भुकटी काळी व्हायची आणि थंड पडायची, लाल ठिपका काही दिसायचा नाही. माझ्या तळव्यांना फोड आले. सासूबाईंनी मलाही लोणी लावलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

जाऊ रोज पायरीवर काहीतरी निवडत बसायची. ती माझ्या हातांकडं बघते हे मला कळायचं आणि ते मला सहन व्हायचं नाही. तिचे हात मोकळे होते, माझ्या हातात दोरी होती, आणि तरी तिचाच हेवा वाटत होता. एक दिवस सासरे देवळात गेले होते, सासूबाई पडल्या होत्या. पट्टी हनुवटीनं दाबून मी एकटीच ओढत होते. मी तिसऱ्यांदा थांबले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमी दोन्ही हातांनी ओढून राहिल्या. एका हातानं सोडायची असती. सोडणारा हात सैल पायजे, न्हाई तर मंथा मधीच थबकतो अन् गरमी जाते."

ती उठून माझ्यासमोर बसली. दोरीचं एक टोक तिनं घेतलं, एक माझ्याकडं ठेवलं, मोकळ्या हातांनी दोघींनी पट्टी दाबून धरली. तुमी ओढा, मी सोडते. आता मी ओढते, तुमी सोडा. असं आम्ही बराच वेळ केलं. मला ते समजायला लागलं होतं. धूर दाट झाला. आणि तिच्या तळव्यावरचा फोडाचा लालसर वण माझ्या अगदी समोर येत-जात होता.

मी दोरी खाली ठेवली. म्हणाले, "पिशवी मी बघितली होती. तीन दिवस. मुद्दाम काढली न्हाई. आदल्या दिवशी गव्हात ठेवली, कुणाला कळू नये म्हणून."

मंथा काढून तिनं फडक्यानं पुसला, फळी पुसली, दोरीची गुंडाळी केली. सगळं पिशवीत भरून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, "काहून?"

मी पिशवीचे बंद आवळत राहिले. तिला उत्तर हवं होतं असं मला वाटत नाही.

"मामंजींनी महिनाभर माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

सांगायला मला आठ दिवस लागले. रोज ठरवायची आणि रोज ऑफिसला निघून जायची. त्या आठ दिवसांत तिनं मला चहा दिला, पण कप खाली ठेवून निघून जायची. नवव्या दिवशी सकाळी सासरे पूजेची फुलं घेऊन ओसरीवर बसले होते तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं.

त्यांनी फुलांची टोपली बाजूला ठेवली. आधी विचारलं ते लाकडाविषयी. मंथ्याचं टोक फुगलं होतं ते तासून घ्यावं लागलं, ते त्याचमुळं का? मी हो म्हटलं. मला वाटत होतं ते ओरडतील, किंवा माझ्या वडिलांना फोन लावतील. तसं काही झालं नाही.

"तिला हात आहे, तुला नाही," ते म्हणाले. "ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. यात तुझा अपमान नव्हता. पण आता जे केलंस तो माझा अपमान झाला आणि तिचाही."

मी रडले नाही. ते जे बोलले ते अगदी खरं होतं आणि त्यात मला समजूत म्हणून एक शब्दही नव्हता. मी त्याच ओसरीवर अकरा आणि तीन वर्षं वावरले होते. एवढं सरळ माझ्याशी तिथं कुणी बोललं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी जावेला बोलावलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी शाळेत होते. संध्याकाळी आले तेव्हा पिशवी तिच्या खोलीत गेली होती. घरात कुणी त्याविषयी पुन्हा बोललं नाही. नवऱ्याला मीच सांगितलं. तो म्हणाला की मलाही लहानपणी धाकट्याचं असंच व्हायचं. त्यानं मला फारसा धीर आला नाही.

जाऊ माझ्याशी संक्रांतीपर्यंत कामापुरतंच बोलली. मीही तिच्या मागं लागले नाही. माफी एकदा मागितली, ती तिनं मान हलवून घेतली, दिली की नाही ते कळलं नाही. संक्रांतीला तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नेहमीचं वाक्य न म्हणताच निघून गेली. नंतर हळूहळू बोलायला लागली. पुन्हा पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही.

कोठी माझ्याकडंच राहिली. सासऱ्यांनी ती काढून घेतली नाही, आणि का नाही ते सांगितलंही नाही. पुढं सासूबाईंना खाली वाकणं जड झालं, तेव्हा त्यांचं ठिपका उचलायचं कामही माझ्याकडं आलं. त्याला बळ लागत नाही, लक्ष लागतं. भुकटीत लाली दिसली की जाऊ दोरी सैल सोडते, सासरे मंथा उचलतात आणि मी फळीखालचं पान सरकवून ती भुकटी कापसावर घेते. वरून शेंडीचा झुबका, आणि मग फुंकर. जोरात घातली तर विझतो, हळू घातली तर मरतो. हे मला येतं. माझ्या हातून एकदाही विझलेला नाही.

तरी माणसं बघतात ती तिच्याकडं. अजूनही तिच्याच पाया पडतात, व्हिडिओत माझी फक्त बोटं दिसतात. अग्नी कुणी काढला विचारलं तर लोक तिचं नाव सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

मागच्या माघात सेनगावकडं एक याग झाला. जाळ धरल्यावर मी तो धगधगता शेंडीचा बोळा कुंडात ठेवून मागं सरले. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, तुमी कोण यांच्या? मी थोरली जाऊ, असं सांगणार एवढ्यात जाऊ दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "माझ्या ताई. इस्तू ह्याच जगवतात. मी नुसती ओढती."

म्हातारी माझ्याही पाया पडली. मी तिला उठवलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ते वाक्य जावेनं किती सहज टाकलं होतं. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मला ते सुचलं असतं का, आणि सुचलं असतं तरी मी ते बोलले असते का, हा विचार करत मी परतीच्या जीपमध्ये बसले होते. ती माझ्या खांद्याला टेकून झोपली होती. तिच्या त्या मोकळेपणाचाही मला हेवा वाटत होता.